स्क्रीनिंगचे १३ गुण, ॲपवरचा १.६ आणि वाढत्या वयातला गुडघा

एका वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा: "मुलगा १४ वर्षांचा आहे. क्लबच्या आणि शाळेच्या, दोन्ही फुटबॉल संघांत खेळतो. गेल्या सहा महिन्यांत ५ सेंटीमीटर उंची वाढली. दीड महिन्यापासून उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय, तिथे टेंगूळ हाताला लागतं. क्लबमध्ये हालचालींची चाचणी झाली, तीत २१ पैकी १३ गुण आले आणि 'दुखापतीचा धोका जास्त' असा शेरा मिळाला. त्याच आठवड्यात लोड, म्हणजे सरावाचा शरीरावर पडणारा भार, मोजणाऱ्या ॲपवरचा आकडा १.६ झाला, लाल रंगात. कोच म्हणतात, हालचाल सुधारली की दुखणं जाईल. फिजिओ म्हणतात, लोड कमी करा. कोणाचं ऐकू? की काही काळ खेळच बंद ठेवू?"

खेळ पूर्ण बंद करू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण उत्तर लांबणार आहे आणि मधेच कंटाळून वाचन सोडलंत तरी एवढं हाती लागावं. कोच आणि फिजिओ दोघंही अर्धे बरोबर आहेत. पण ज्या दोन आकड्यांनी तुम्हाला घाबरवलंय, ते या गुडघ्याबद्दल फारसं काही सांगत नाहीत. सगळ्यात जास्त सांगणारा आकडा तुम्ही स्वतःच जाता जाता लिहून गेलात: सहा महिन्यांत ५ सेंटीमीटर.

मुलांची उंची सगळ्यात वेगाने वाढते ती साधारण १४व्या वर्षाच्या आसपास, मुलींची १२व्या. त्या शिखरावर मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटरच्या वेगाने वाढतो. म्हणजे तुमचा मुलगा आत्ता ऐन चढावर आहे. या काळात हाडं आधी लांब होतात, स्नायू आणि टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे पट्टे) मागून येतात. मांडीचा पुढचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली उतरतो आणि नडगीच्या वरच्या टोकाशी असलेल्या उंचवट्याला धरतो. तुमच्या-माझ्या पायात तो उंचवटा म्हणजे पक्कं हाड. चौदा वर्षांच्या पायात तिथे अजून कूर्चेचा, म्हणजे पक्कं हाड न झालेला मऊ भाग असतो, वाढ चालू असते. प्रत्येक जोरदार किक, प्रत्येक अचानक ब्रेक, प्रत्येक उडी तिथेच ओढ देते. ओढ सावरायच्या आत पुढची आली की ती जागा दुखते, सुजते, वर येते. याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. १९०३ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट ऑसगुड आणि स्वित्झर्लंडमधल्या कार्ल श्लाटर या दोघांनी स्वतंत्रपणे त्याचं वर्णन केलं. नावापुढे 'डिसीज' लागतं म्हणून पालक हादरतात, पण हा रोग नाही. वाढीचा वेग आणि ओढ यांचं जमलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. थोड्या लहान वयात हेच टाचेला होतं, त्याला सेव्हर म्हणतात.

मी गुडघा पाहिलेला नाही, तुमच्या वर्णनावरून बोलतोय. म्हणून काही गोष्टी आधी तपासून घ्या. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सांध्यातच भरलेली सूज, गुडघा अडकणं, ताप, वजन उतरणं, विश्रांतीतही वाढत जाणारं दुखणं यातलं काहीही असेल तर हे उत्तर बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. आणखी एक गोष्ट बरेचदा निसटते: या वयात खुब्याच्या सांध्यातली ग्रोथ प्लेट (हाड जिथून वाढतं ती कूर्चेची पट्टी) सरकली, तर दुखणं मांडीत किंवा गुडघ्यात जाणवतं आणि खुबा गप्प बसतो. मुलगा लंगडत असेल, चालताना पाऊल बाहेर वळत असेल, पाठीवर झोपवून खुबा आत फिरवताना अडत असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे काढायचा. हे क्वचित होतं, पण उशीर झाला तर महागात पडतं. वाटीखाली नेमकं बोट ठेवता येणारं, खेळताना वाढणारं, बसल्यावर कमी होणारं दुखणं असेल तर निश्चिंतपणे पुढे वाचा.

आता तो १.६.

ॲपमागचा हिशेब सोपा आहे. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचं, आज किती जड गेलं, शून्य ते दहा? तो आकडा गुणिले सरावाची मिनिटं. अमेरिकेतले कार्ल फॉस्टर यांनी ही पद्धत रूढ केली आणि आजही माझ्या मते तिच्याइतकं स्वस्त आणि प्रामाणिक साधन दुसरं नाही. पुढे ऑस्ट्रेलियातल्या टिम गॅबेट यांनी या आठवड्याचा लोड भागिले गेल्या चार आठवड्यांची सरासरी हे गुणोत्तर लोकप्रिय केलं. २०१६च्या त्यांच्या लेखानंतर ०.८ ते १.३ म्हणजे हिरवा, १.५च्या वर म्हणजे लाल, अशी वाटणी जगभरच्या ॲपमध्ये जाऊन बसली.

तुम्ही पाठवलेले चार आठवड्यांचे आकडे असे: १४००, ५००, ५००, १६००. बेरीज ४०००, सरासरी १०००, म्हणून १६०० भागिले १००० म्हणजे १.६. बरोबर आहे. पण हेच गणित चालू आठवडा सरासरीतून वगळून केलं, तर आधीच्या तीन आठवड्यांची सरासरी ८०० येते आणि गुणोत्तर २.० होतं. तोच मुलगा, तेच आठवडे, तीच मैदानं. आकडा मात्र १.६ की २.० हे ॲप कोणत्या रीतीने भागतं त्यावर ठरलं. फ्रँको इम्पेलिझेरी आणि इतर संशोधकांनी या गुणोत्तरावर जे आक्षेप घेतले, त्यातला हा एक.

माझा आक्षेप आणखी साधा आहे. तुम्हीच लिहिलंय की ॲप क्लबचं आहे आणि शाळेचा सराव त्यात जात नाही. १६०० मध्ये क्लबचे ९० मिनिटांचे दोन सराव आहेत, प्रत्येकी सहा गुण, म्हणजे १०८०, आणि ६५ मिनिटांचा सामना आठ गुणांनी, म्हणजे ५२०. शाळेचे तासाभराचे दोन सराव पाच गुणांनी धरले तर ६०० आणखी होतात, ते कुठेच नाहीत. आणि ते दोन '५००' वाले आठवडे, जे ॲपला आरामाचे वाटतात, त्या काळात शाळेची स्पर्धा चालू होती असं तुम्हीच म्हणता. स्पर्धेचे आठवड्याला ९०० धरा. आता खरा क्रम असा होतो: २०००, १४००, १४००, २२००. सरासरी १७५०. गुणोत्तर १.२६, म्हणजे हिरवा!

गंमत बघा. अर्धवट माहिती दिली तर लाल, पूर्ण दिली तर हिरवा, आणि प्रत्यक्षात पायावर पडलेला भार ॲपने दाखवल्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून मी पालकांना सांगतो की गुणोत्तर बघू नका, बेरीज बघा. क्लबच्या कोचला वाटतं मुलगा आठवड्यात तीनदा खेळतो. शाळेच्या सरांना वाटतं दोनदा. पाच हा आकडा फक्त मुलाला माहीत असतो, आणि त्याला कोणी विचारत नाही. विचारलं तरी तो खरं सांगेलच असं नाही, कारण खरं सांगितलं तर संघातली जागा जाईल असं त्याला वाटतं.

साधी वही पुरे. तारीख, काय खेळला, किती मिनिटं, शून्य ते दहा, आणि एक रकाना दुसऱ्या दिवशी सकाळचा. त्या शेवटच्या रकान्याकडे पुन्हा येतो.

एकूण बेरीज मात्र फार मोठी नाही, हेही सांगायला हवं. तुमच्या मुलाचे आठवड्याचे खेळाचे तास सहाच्या थोडे वर जातात. अमेरिकेतले डॉक्टर नीरू जयंती यांच्या २०१५च्या अभ्यासातून एक ढोबळ कसोटी प्रचलित झाली: वयाची वर्षं जितकी, त्याहून जास्त तास आठवड्याला संघटित खेळ नको, आणि संघटित खेळ मोकळ्या खेळाच्या दुपटीहून जास्त नको. १४ तासांच्या मानाने सहा तास काहीच नाहीत. मग गुडघा का कुरकुरतोय? कारण भार मोजायचा तो त्या महिन्यातल्या शरीराशी. वर्षभरापूर्वी याच मुलाने २२०० सहज पेलले असते, दीड वर्षाने पुन्हा पेलेल. आत्ता त्याचा पाय लांबलाय, वजन वाढलंय, मांडीचा स्नायू ताणलेला आहे आणि टोकाची जागा कूर्चेची आहे. आकडा तोच राहिला, पाय बदलला.

दुसरं, मिनिटांमध्ये ओढ दिसत नाही. ९० मिनिटं पासिंग आणि ९० मिनिटं गोलवर नेमबाजी, ॲपला दोन्ही सारखी. बेसबॉलमध्ये १३-१४ वर्षांच्या पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, दिवसाला ९५ चेंडूंची मर्यादा अमेरिकेत सुचवलेली आहे. क्रिकेटमध्ये इंग्लंडच्या मंडळाने लहान वेगवान गोलंदाजांच्या षटकांना वयाप्रमाणे मर्यादा घातली, कारण कमरेच्या मणक्यातल्या स्ट्रेस फ्रॅक्चरने (वारंवारच्या ताणाने हाडाला पडणाऱ्या चिरेने) पोरं वर्ष वर्ष घरी बसत होती. फुटबॉलमध्ये किक कोणी मोजत नाही. सराव संपल्यावर मुलं स्वतःहून आणखी वीस मिनिटं गोलवर चेंडू मारत राहतात, कोच कौतुकाने बघत राहतो. वाटीखाली दुखणाऱ्या मुलाला मी पहिला प्रश्न विचारतो, "सराव संपल्यावर किती वेळ थांबतोस?" उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आता १३ गुण.

ही चाचणी सात हालचालींची, प्रत्येकीला जास्तीत जास्त तीन गुण. १४ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे धोका जास्त, ही सीमारेषा कुठून आली हे कळलं की शेऱ्याचा धाक निम्मा होतो. २००७ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघातल्या ४६ खेळाडूंचा एका मोसमाचा अभ्यास झाला, त्यातून ती रेषा पुढे आली. प्रौढ, व्यावसायिक, वेगळा खेळ, एकच संघ. ती रेषा उचलून १४ वर्षांच्या, अर्ध्या वर्षात पाच सेंटीमीटर वाढलेल्या मुलावर ओढली. पुढे अनेक अभ्यास झाले आणि एकूण गुणांवरून कोणाला दुखापत होईल हे सांगता येत नाही, असाच त्यांचा सूर निघाला. नॉर्वेचे क्रीडावैद्यक संशोधक रोआल्ड बार यांनी २०१६ मध्ये तर स्पष्ट लिहिलं की दुखापतीचं भाकीत करणाऱ्या चाळणी-चाचण्या चालत नाहीत आणि बहुधा कधी चालणारही नाहीत. कारण किचकट नाही. कमी गुण मिळवणाऱ्यांत न दुखावलेले भरपूर असतात, चांगले गुण मिळवणाऱ्यांत दुखावलेले भरपूर. दोन गटांची सरासरी वेगळी असली, तरी एका मुलाकडे बोट दाखवून 'हाच' म्हणता येत नाही.

आणि तुमच्या मुलाला दुखत होतं! दुखऱ्या गुडघ्याने खोल बैठक नीट कोण मारेल? या चाचणीत तर ज्या हालचालीत दुखतं तिला शून्यच मिळतं. म्हणजे १३ हा आकडा भविष्य कमी आणि आजचं दुखणं जास्त सांगतोय.

हालचाल बघू नये असं मात्र मी म्हणत नाही. रोज तेच करतो. फक्त ती भविष्य सांगण्यासाठी बघत नाही, शिकवण्यासाठी बघतो. यातला फरक एका पायावरच्या बैठकीतून दाखवतो.

मुलाला अनवाणी उभं करा, हात कमरेवर, एका पायावर, आणि अर्धी बैठक मारायला सांगा. समोरून बघा. या वयातल्या निम्म्या मुलांचा गुडघा आत, अंगठ्याच्याही पलीकडे झुकतो. कोच लगेच म्हणतो, "नितंबाचे स्नायू कमजोर." असेलही. पण एक पातळ पुस्तक टाचेखाली सरकवा आणि पुन्हा बैठक मारायला लावा. गुडघा सरळ झाला, तर अडचण घोट्यात होती. पोटरी आखडलेली, नडगी पुढे जाईना, म्हणून गुडघ्याने आतली वाट धरली. पुस्तकाने काही बदललं नाही, तर हलक्या हाताने कमरेला आधार द्या. आता सरळ झाला, तर कंबर आणि खुबा सावरण्याची ताकद कमी आहे. तिसरी शक्यता सगळ्यात जास्त वेळा खरी निघते आणि सगळ्यात कमी वेळा तपासली जाते: त्याला काय करायचं तेच कळलेलं नसतं. गुडघ्यावर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावा, जमिनीवर पावलाच्या दुसऱ्या बोटासमोर रेघ मारा आणि म्हणा, "ही पट्टी त्या रेघेवरून पुढे ने." बरीच मुलं दुसऱ्या प्रयत्नात सुधारतात. दोन मिनिटांत सुधारली ती कमजोरी कशी असेल? ती फक्त न शिकवलेली गोष्ट होती. 'नितंब आवळ, पोट आत, गुडघा बाहेर' अशा सूचनांची सरबत्ती केली की मुलगा लाकडासारखा ताठ होतो.

उडीवरून उतरताना मी डोळे मिटून ऐकतो. धप्प असा आवाज आला तर गुडघे-खुबे वाकवून वजन झेललं गेलं नाही. 'मांजरासारखा उतर' एवढं म्हटलं की आवाज बदलतो. हे सगळं ताज्या पायांनी एकदा आणि सरावाच्या शेवटी एकदा बघायचं. ताजेपणी सुंदर आणि थकल्यावर ढासळलेली हालचाल असेल, तर तुमचा प्रश्न पुन्हा लोडकडेच जातो. कोच आणि फिजिओ यांचा वाद मला नेहमी खोटा वाटतो तो यामुळेच.

उंची झपाट्याने वाढत असताना हालचाल बिघडणं हेही स्वाभाविक आहे. लांब झालेले पाय मेंदूला नवे असतात. मागच्या मोसमात चेंडू बुटाला चिकटलेला असायचा तो मुलगा आता स्वतःच्याच पायात अडखळतो. कोचला वाटतं लक्ष नाही, मुलाला वाटतं आपल्यातला खेळ गेला, आणि दोघंही सराव वाढवतात. नेमक्या याच काळात जास्तीचा सराव सगळ्यात कमी फळतो.

मुलींच्या पालकांसाठी इथे थोडं थांबतो. वळताना किंवा उतरताना गुडघा आत कोसळून पुढचा क्रॉस लिगामेंट (गुडघ्यातली दोन हाडं बांधून ठेवणारा पट्टा, एसीएल) फाटणं मुलींत मुलांपेक्षा बरंच जास्त होतं. २००५ मध्ये टिमोथी हेवेट यांच्या गटाने २०५ मुलींच्या उडीचं मोजमाप करून दाखवलं की ज्या नऊ जणींचं लिगामेंट पुढे फाटलं त्यांचे गुडघे उतरताना जास्त आत जात होते. सगळीकडे गुडघे मोजायची लाट आली. नंतर नॉर्वेत कितीतरी जास्त खेळाडूंवर केलेल्या अभ्यासात ते मोजमाप भाकिताला उपयोगी ठरलं नाही. पण प्रतिबंधक व्यायाम मात्र ठरले, आणि कसे? स्वीडनमध्ये १२ ते १७ वयाच्या ४५६४ फुटबॉलपटू मुलींवर प्रयोग झाला, २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वॉर्म-अपमध्ये आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं, एका पायावर बैठक, पूल (पाठीवर झोपून कंबर उचलणं), फळी (कोपरांवर शरीर सरळ धरणं), लंज (एक पाय पुढे टाकून वाकणं), उडी आणि उतरणं. लिगामेंटच्या दुखापती ६४ टक्क्यांनी कमी झाल्या. कोण धोक्यात आहे हे आधी कोणी शोधलं नव्हतं, अख्ख्या संघाला व्यायाम दिला होता. मुलांसाठीही वाट हीच. फिफाचा ११+ वॉर्म-अप वीस मिनिटांचा आहे, साधन लागत नाही. तो निष्फळ ठरतो तो एकाच कारणाने: तीन आठवडे करून सोडून दिला जातो. सामन्याच्या दिवशी घाई असते म्हणून तर हमखास वगळतात. क्लबने चाचणीवर जे दोन तास खर्च केले ते या वॉर्म-अपवर केले असते, तर माझी काही तक्रार नव्हती.

ताकदीच्या व्यायामाबद्दलची भीतीही काढून टाका. वजनं उचलल्याने उंची खुंटते ही समजूत अजून घरोघर आहे. जाणकाराच्या देखरेखीखाली, तंत्र शिकून केलेला ताकदीचा व्यायाम किशोरांना सुरक्षित असतो. एका सामन्यात उडीवरून उतरताना गुडघ्यावर जो भार येतो त्यापुढे हातातले डंबेल किरकोळ आहेत. २०१४ मध्ये अनेक प्रयोग एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा ताकदीच्या व्यायामाने खेळातल्या दुखापती एक तृतीयांशाखाली आल्या. नुसत्या स्ट्रेचिंगने काही फरक दिसला नाही. ऑसगुड-श्लाटरमध्ये मांडी जोर लावून ताणण्याची तर मला धास्तीच वाटते, कारण जी जागा ओढीने दुखतेय तिलाच आपण आणखी ओढतो.

तर तुमच्या मुलाचे पुढचे आठ आठवडे मी असे आखेन.

आधी दोन्ही कोचना एकत्र फोनवर घ्या. यातच निम्मं काम होतं, आणि हेच पालकांना सगळ्यात जड जातं. शाळेचे दोन सराव ठेवायचे, पण त्यातला एक पासिंग, जागा घेणं, चेंडू थांबवणं एवढाच, धावणं आणि नेमबाजी वगळून. क्लबचा एक सराव पूर्ण, दुसरा अर्धा. लांब किक आणि सरावानंतरची नेमबाजी चार आठवडे बंद. उड्यांचे बॉक्स, पायऱ्यांवरच्या शर्यती बंद. सामना खेळू द्या, पण अर्धा वेळ, आणि सामन्याच्या आदल्या-नंतरच्या दिवशी काही जड नको. आठवड्यात एक दिवस कोराच, त्या दिवशी 'हलका' सरावही नाही.

घरी भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणं, गुडघे जेवढे वाकवून निभेल तेवढेच, ३० ते ४५ सेकंद, चार-पाच वेळा, दिवसाआड. पाठीवर झोपून पूल, आधी दोन पायांवर मग एका. पोटरीसाठी पायरीवर टाचा उचलणं. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा शांत असेल तर पूर्ण बैठका, मग लंज, मग उड्या. क्रम बदलू नका.

आणि वहीतला तो सकाळचा रकाना. खेळताना दुखणं शून्य ते दहापैकी दोन-तीनपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून एक पायरी त्या पायाने उतरायची आणि आकडा लिहायचा. कालच्या सकाळइतकाच किंवा कमी असेल, तर कालचा भार पेलला. जास्त असेल, तर आज कमी करायचं, कोणाशी वाद न घालता. मला ॲपच्या गुणोत्तरापेक्षा हा आकडा कितीतरी पटींनी भरवशाचा वाटतो, कारण तो याच गुडघ्याने दिलेला असतो.

उंची दर दोन-तीन महिन्यांनी मोजा, नेहमी सकाळी, अनवाणी, त्याच भिंतीशी. संध्याकाळी माणूस सेंटीमीटरभर तरी बुटका होतो, त्यामुळे वेळ बदलली की हिशेब चुकतो. वेग ओसरू लागला की भार वाढवायला हरकत नाही. पण वर्षभर बेताबेताने घ्या, कारण उंचीच्या शिखरानंतर हाडात खनिज भरायला आणखी काही महिने लागतात.

झोपेबद्दल विचारलं नाहीत, तरी विचारतो. किती वाजता उठतो? १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास लागतात. २०१४च्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या किशोर खेळाडूंना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली. भल्या पहाटेचा सराव आणि रात्री अकरापर्यंत अभ्यास असं चालू असेल, तर माझी वरची सगळी आखणी निम्मीच लागू पडेल. खाणंही तसंच. वाढ आणि खेळ दोन्हींना इंधन लागतं, आणि या वयात 'फिट' दिसण्यासाठी जेवण कमी करणारी मुलं हल्ली मुलींइतकीच भेटतात.

पूर्ण मैदानावर परत कधी? दुखऱ्या पायावर दहा उड्या मारता याव्यात, दुखणं दोनच्या आत. सकाळची पायरी सलग दोन आठवडे शांत असावी. आणि आठवड्याची बेरीज हळूहळू २२००पर्यंत गेलेली असावी, एका उडीत नव्हे. किती आठवडे लागतील हे मी सांगत नाही. काही मुलं दोन महिन्यांत सुटतात, काहींना मोसम जातो, आणि कुरकुर वाढ थांबेपर्यंत अधूनमधून येत राहते. ती आली म्हणजे उपचार फसला असं नाही. त्या आठवड्यात वहीत मागे जाऊन बघा, बहुतेकदा दोन सामने जवळ आलेले असतात किंवा कुठल्या तरी संध्याकाळी गोलवर वीस मिनिटं जास्त झालेली असतात.

टेंगूळ मात्र बहुधा राहील. दुखणं गेलं तरी तो उंचवटा हाड होऊन तिथेच बसतो, गुडघे टेकून बसताना थोडा टोचतो आणि खेळाच्या आड येत नाही. मुलाला हे आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर बरा झाल्यावरही तो रोज आरशात बघून विचारत राहील की हे अजून का गेलं नाही.